सव्वा महिन्याच्या आत

अंबड
बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

पूज्य बाईजी,
सादर जय जिनेंद्र.

आज सकाळी बीडचे पाहुणे भेटून गेले. दुपारी कोणी आले नाही. श्रेणिकची रजा संपल्यामुळे तो रविवारीच पुण्याला गेला. तुम्ही वडीगोद्रीला परत गेल्यापासून घरात मी एकटीच आहे. रिवाजाप्रमाणे आतल्या खोलीत सतरंजीवर बसून असते. तुमच्या भावाचा मोबाइल माझ्याजवळ ठेवला आहे, कारण शोकसंदेशात इथला म्हणून तोच नंबर दिला होता आणि लोक अजून त्याच नंबरवर बोलतात.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि ही गोष्ट तिसऱ्या माणसाकडून सांगायची नाही, म्हणून लिहीत आहे. किराणा माल घेऊन येणाऱ्या ओमप्रकाशच्या टेम्पोतून पत्र पाठवते. पाकीट चिकटवले आहे. तुम्हीच फोडा.

आज अकराच्या सुमारास एका माणसाचा फोन आला. म्हणाला, "भाभीजी, जय जिनेंद्र. लालचंदजींचं ऐकून फार वाईट वाटलं. मी बँकेच्या मोठ्या ऑफिसातून बोलतो. आमची जुनी ओळख, कितीदा दुकानात बसून चहा घेतलाय आम्ही." त्याला श्रेणिकचे नाव माहीत होते, तुमचे नाव आणि गाव माहीत होते, भांड्याच्या दुकानाचा पत्ता माहीत होता, उठावण्याची शोकसभा कोणत्या जैन स्थानकात झाली तेही माहीत होते. हे सगळे शोकसंदेशात छापलेले आहे. मी त्याला विचारले, "यांच्या चहात साखर किती असायची?" तो म्हणाला, "कमीच. शुगरचं भय होतं ना त्यांना." तुम्हाला माहीत आहे, यांनी जन्मात चहा घेतला नाही.

मग तो म्हणाला, "तुम्ही कोपऱ्यात बसल्या आहात, तुम्हाला बाहेर पडता येत नाही, मला आपल्या समाजाचा रिवाज ठाऊक आहे. वारसाचं काम मी घरबसल्या करून देतो. मोबाइलवर एक नंबर येईल, तेवढा सांगा." मी म्हणाले, "बँकेत येऊन सांगेन." तो म्हणाला, "सव्वा महिना थांबणार? खातं अडकून पडेल." मी म्हणाले, "पडू द्या," आणि फोन ठेवला.

त्यानंतर मोबाइलवर बँकेचा संदेश आला. त्यात सहा आकड्यांचा नंबर होता. मी तो कोणाला दिला नाही. श्रेणिकला फोन करून सांगितले तेव्हा तो म्हणाला, "मम्मी, मला पाठव, मी बघतो." मी त्याला म्हणाले, "तुलाही नाही."

पण बाईजी, त्या संदेशात खात्याचे शेवटचे आकडे होते आणि ते आमच्या खात्याचे नव्हते. ते तुमच्या खात्याचे आहेत. तुमच्या बांगड्या मोडून यांनी अंबडच्या बँकेत उघडून दिले होते ते. तुमच्याकडे फोन नाही म्हणून त्याला यांचाच नंबर जोडला होता. ते खाते तिघांनाच माहीत होते. आता आपण दोघीच राहिलो.

तुमच्याकडे कोणी आले का, कोणी काही मागितले का, ते कळवा. तोपर्यंत पासबुक, एटीएम कार्ड, आधार कोणालाही दाखवू नका.

आपली,
कंचन

---

वडीगोद्री
१३/११/२५

चि. कंचन, आशीर्वाद.

सवयीनं आधी सौ. लिहिलं गेलं, मंग खोडलं. तू वर खाडाखोड बघशील म्हणून सांगते.

ओमप्रकाशनं पाकीट दिलं तेव्हा सून बाजूलाच उभी होती. म्हणाली, अंबडहून रोज माणसं येतात-जातात, अन् चिठ्ठ्या कशाच्या? मी म्हणलं, तुझ्या नावानं तक्रार आली. आत निघून गेली.

माझ्याकडं कोणी आलं न्हाई. फोनचं तर बोलूच नको. मला फोनवर फसवायचं तर त्या माणसाला वडीगोद्रीत येऊन माझ्या कानाशी बोंबलावं लागल, अन् तेवढ्यात सगळं गाव गोळा व्हईल. माझी काळजी करू नको.

मला तुझंच कळंना. कोपऱ्यात बसायचं ते देवाचं नाव घ्यायला, अन् तू लालूचा मोबाईल मांडीवर घेऊन बसून राह्यली. बंद कर तो. अन् तुझ्या लिहिण्यावरून मला वास येऊन राह्यला की तुला बँकेत जायची घाई झाली. ते बिलकुल चालणार न्हाई. सव्वा महिना झाला की तुझा भाऊ बीडहून येईल, तुला स्थानकात नेईल, सोग उतरेल, दुखवटा संपेल, मंग कुठं जायचं तिथं जा. आईच्या वेळी, काकीच्या वेळी हेच झालं. पैसा कुठं पळून जात न्हाई. लोकं मातर बोलतात अन् ते बोललेलं पळत न्हाई.

जेवत जा. मुगाची डाळ पाठवली आहे, ओमप्रकाशकडून मोजून घे, पिशवी फाटकी आहे.

एक विचारायचं राह्यलं. मेलेल्या माणसाचं काही दुसऱ्याच्या नावावर करायचं असलं तर त्याच्या आधारचा फोटो लागतोच का? पलक विचारून राह्यली. कॉलेजात काहीतरी असेल तिच्या.

पानबाई

---

अंबड
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

पूज्य बाईजी,
सादर जय जिनेंद्र.

डाळ पोचली. पिशवी फाटली नव्हती.

तुमची नात पलक बारावीला विज्ञान शिकते. मेलेल्या माणसाच्या आधारबद्दल तिच्या कॉलेजात कोणी काही विचारणार नाही. तो प्रश्न तुमचा आहे, असे धरून मी पुढचे लिहिते. चूक असेल तर सांगा.

मी आज बँकेत गेले. तुम्ही नको म्हणाला होतात, तरी गेले. पांढरी साडी, डोक्यावर पदर, हातात यांच्या मृत्यूचा दाखला, एवढे घेऊन मोंढ्याच्या बाजारातून चालत गेले. द्वारकाबाई गल्लीच्या तोंडाशी दळण घेऊन उभी होती. म्हणाली, "अगोबाई, वहिनी, इतक्यात बाहेर?" मी म्हणाले, "बँक रात्री उघडी नसते." एवढे बोलून पुढे निघाले.

आमच्या दोघांच्या खात्याला आता माझा नंबर लागला आहे. यांच्या मोबाइलवरून पैसे पाठवायची सोय होती ती बंद केली. यांच्या जाण्याची नोंद केली. माझे आधार मी कुलूपबंद केले, म्हणजे माझ्या नावाने दुसऱ्याचा अंगठा चालणार नाही. ते मोबाइलवरच होते, तिथल्या मुलीने शिकवले, मी माझ्या हाताने केले.

मग मी तुमच्या खात्याबद्दल विचारले. साहेबांनी ऐकून घेतले आणि सांगितले, "खातेदाराशिवाय मी एक शब्द बोलू शकत नाही." मला राग आला नाही. मी बोलून काम झाले असते तर त्या माणसानेही बोलून काम करून घेतले असते. त्यांनी एक रस्ता सांगितला, हेल्पलाइनवर खातेदाराने स्वतः बोलायचे. तुम्हाला ते ऐकू येणार नाही. म्हणून तुम्हालाच यायला हवे.

घाई का ते सांगते. आज सकाळपासून यांच्या मोबाइलवर असे आणखी संदेश आले. फोन माझ्या हातात आहे तोवर ते नंबर कोणाला मिळत नाहीत. पण त्या माणसाकडे तुमच्या भावाच्या आधारचा फोटो पोचला असेल, तर तो कुठल्यातरी दुकानात जाऊन सिम हरवले म्हणेल आणि यांच्याच नंबरचे नवे सिम घेईल. मग हा फोन मुका होईल आणि सगळे संदेश त्याच्याकडे जातील. म्हणून फोन बंद करायचा नाही. त्याचा सिग्नल दिसतो आहे तोवर आपल्या हातात वेळ आहे.

उद्या तिसरा शनिवार आहे, बँक चालू असते. पासबुक, कार्ड आणि आधार घेऊन या. मी बँकेच्या दारात असेन. आत सगळे तुम्हाला लिहून दाखवेन, कोणाला ओरडावे लागणार नाही.

ओमप्रकाशला उत्तरासाठी थांबायला सांगितले आहे.

आपली,
कंचन

---

वडीगोद्री
शुक्रवार

कंचन,

ओमप्रकाश ओट्यावर चहा पिऊन राह्यला. त्याचा दुसरा कप संपायच्या आत लिहिते.

तू म्हणतीस ते बराबर आहे. प्रश्न माझा होता.

मी अंबडहून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी पलकच्या मोबाईलवर एकाचा फोन आल्ता, शोकसंदेशात माझ्या नावापुढं तिचाच नंबर होता. आजीला द्या म्हणला. पलक म्हणाली आजीला ऐकू येत न्हाई. मंग तो म्हणला, काही हरकत न्हाई, मी लिहितो. अन् त्यानं लिहिलं कंचन. मोठ्या मोठ्या अक्षरात, एक एक ओळ. मी वाचायची, पलक माझं उत्तर टाकायची. अर्धा तास तो माझ्याशी असा बोलला. घरात सगळे माझ्याशी ओरडून बोलतात, न्हाई तर हातानं, जेव, ऊठ, सरक. त्यानं विचारलं, लालचंदजी लहानपणी कसे होते. मी सांगितलं. त्यानं लिहिलं, बहनजी, तुमचा भाऊ तुमच्या नावावर काही ठेवून गेला आहे, घरात कोणाला सांगू नका, वाटेकरी उभे राहतील.

मला ते खरं वाटलं. लालू असं करणाराच होता. अन् घरात सांगू नका म्हणला ते तर मला पटलंच, कारण ते खातंही घरात ठाऊक न्हाई. पलक पाणी आणायला गेली तेव्हा मीच पेटीतून काढून ठेवलं सगळं. शिखरजीच्या यात्रेच्या वेळची लालूच्या आधारची झेरॉक्स, माझं पासबुक, कार्ड. पलकनं फोटो काढले. तिला म्हणलं, यात्रेचं आहे. पोरीचा दोष न्हाई.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच मला उमगलं, मी काय करून बसले. पण तुला कसं सांगू? तुझ्या नवऱ्यानं तुला न सांगता मला काही ठेवलं असं मी तुला लिहायचं? तू काय समजली असतीस?

उद्या येते. घरी सांगितलं, डोळे दाखवायला अंबडला जाते. सून म्हणाली, डोळे तर चांगले आहेत. मी म्हणलं, तुला बघून बघून खराब झाले.

तू उंबरा ओलांडलास त्याचं मी तुला बोलणार आहेच. पण बँकेचं काम झाल्यावर.

अन् एक कर. कागदं सगळी तुझ्याकडं आहेत. खरंच ठेवलं का त्यानं काही? बघ.

पानबाई

---

वडीगोद्री
१२/१२/२५

चि. कंचन, आशीर्वाद.

तुझा भाऊ आला, तुला स्थानकात नेलं, सोग उतरला, हे कळलं. बरं वाटलं. बँकेच्या दारात तुला मी बोलणार होते ते राहून गेलं. तू तिथं पदर घेऊन उभी होतीस, हातात वही अन् पेन, अन् मला बघून पहिल्या पानावर लिहिलंस, "चप्पल काढायची गरज नाही." मंग काय बोलायचं तुला.

इकडं मी पोरांना सांगून टाकलं, अंबडला माझं खातं आहे.  थोरल्यानं तिसऱ्या दिवशी विचारलं, "आई, आम्ही तुझे पैसे घेतले असते असं वाटलं का तुला?" मी म्हणलं, "हो." मंग हसला. आता चोरून काही न्हाई, तर भ्याचंही काही न्हाई. नवीन साधा मोबाईल घेतला आहे. त्याचाच नंबर खात्याला लावला, मी स्वतः जाऊन, थोरला बाहेर बाकड्यावर बसला. संदेश आला की फोन थरथरतो, ते मला हाताला कळतं. वाचते अन् कोणालाच सांगत न्हाई. पलकनं विचारलं तरी न्हाई.

पलक आता मोठ्या अक्षरात टाइप करून मला दाखवती. सूनबाईसुद्धा करती कधी कधी. त्या हलकटाकडून घरानं एवढं शिकलं.

पण मी विचारलेलं तू सांगितलं न्हाई. बँकेत विचारलं तेव्हा पाण्याची बाटली पुढं केलीस. मंग पत्रातही न्हाई. मला हो का न्हाई एवढंच पाहिजे. काही ठेवलं का लालूनं?

पानबाई

---

अंबड
रविवार, २१ डिसेंबर २०२५

पूज्य बाईजी,
सादर जय जिनेंद्र.

उत्तराला उशीर झाला. आधी एक गोष्ट सांगते, जी त्या शनिवारी मी तुमच्यापासून लपवली.

तुम्ही काउंटरवर खाते गोठवायच्या अर्जावर सही करायला पेन घेतलेत, त्याच वेळी माझ्या पिशवीतल्या यांच्या मोबाइलचा सिग्नल गेला. मी काढून पाहिले, एकही रेघ नव्हती. ज्याची भीती होती तेच झाले होते. तुमची सही जुन्या नमुन्याशी जुळायला हवी होती. तुम्हाला सांगितले असते तर सही बिघडली असती आणि अर्ज परत आला असता. म्हणून मी वहीत लिहिले, "सावकाश करा, घाई नाही." घाई होती. तुम्ही एकेक अक्षर काढलेत, साहेबांनी नमुना पडताळला आणि आपल्यासमोर खाते गोठवले. त्यानंतर मी तुम्हाला बाकड्यावर बसवून "जरा येते" लिहून गेले, ती सिमच्या दुकानात गेले होते. तिथून सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरवर तक्रार केली.

दुकानदाराने नंतर समजावले की नव्या सिमवर पहिला एक दिवस असे संदेश येत नाहीत. म्हणजे त्याला रविवारी दुपारी ते मिळू लागले असते. रविवारी बँक बंद आणि खाते उघडे, असे त्याचे गणित होते. तुम्ही शनिवारी आलात म्हणून ते चुकले. जालन्याच्या सायबर पोलिसांनी मला दोनदा बोलावले. माणूस सापडलेला नाही. सापडेल की नाही ते सांगता येत नाही, असे त्यांनी सरळ सांगितले. तुमचे पैसे मात्र जसेच्या तसे आहेत.

मासिक पुण्यस्मरणाचा संदेश श्रेणिकने तयार केला होता. त्यातून सगळ्यांचे नंबर, घराचा पत्ता आणि गावांची नावे मी काढायला लावली. फक्त यांचे नाव आणि तारीख ठेवली. काहींनी विचारले, परिवाराची नावे का नाहीत. मी म्हणाले, परिवाराला परिवार माहीत आहे.

आता तुमच्या प्रश्नाचे उत्तर. नाही.

मी सगळी कागदपत्रे पाहिली. दुकानातले कपाट, घरातली पेटी, बँकेतले लॉकर, सगळे. तुमच्या नावावर त्यांनी वेगळे काही ठेवलेले नाही. अचानक गेले, ठेवायचे मनात होते की नाही ते मला माहीत नाही आणि मी अंदाजाने लिहिणार नाही.

उशीर का झाला तेही सांगते. माझ्या मनात आले होते की माझ्याकडून काही रक्कम तुमच्या खात्यात भरावी आणि सांगावे की ही त्यांनी तुमच्यासाठी ठेवली होती. तुम्ही मानले असते. बरेच दिवस हा विचार होता, पैसे भरायची पावतीसुद्धा लिहून ठेवली होती. मग लक्षात आले की त्या माणसाने तुम्हाला हेच सांगितले होते. यांच्या नावाने तुम्हाला दुसऱ्यांदा खोटे सांगितले जाऊ नये, म्हणून पावती फाडली. रागावू नका.

मला जे खरे माहीत आहे ते एवढे आहे. दर सोमवारी दुकान बंद ठेवून ते वडीगोद्रीला येत. मला सांगत, माल पोचवायला जातो. माल ओमप्रकाशच नेत होता, तेव्हाही. मी त्यांना कधी काही विचारले नाही.

यांचा नंबर परत मिळाला होता. आता त्याला कुठलेच खाते जोडलेले नाही, म्हणून शुक्रवारी तो कायमचा बंद केला. अर्जावर कारण लिहायची जागा होती. "वापरणारे वारले" असे लिहिले. मुलाने शिक्का मारला आणि म्हणाला, "झालं, काकू." यापुढे माझ्या नंबरवर लिहा, पलकला सांगा. पत्र लिहिलेत तर मला जास्त आवडेल.

आपली,
कंचन

ता. क. आज रविवार, ओमप्रकाश येत नाही, हे पत्र लिहून झाल्यावर ध्यानात आले. ते उद्या जाईल. पाकीट चिकटवायचे ठेवून मी वाटीभर मुगाची खिचडी लावली. सूर्य बुडायच्या आत जेवून घेतले, ताट घासले आणि पालथे घातले.